क्रिप्टो ठेवायचं कुठं? आधी पुसून बघा, मग पैसे घाला

माझा मावसभाऊ बेळगावात उद्यमबागला एका मशीन शॉपमध्ये आहे. २०२१ मध्ये सगळेच घेत होते तेव्हा ह्यानं पण पगारातून थोडं थोडं करून बिटकॉइन घेतलं, आणि कुणाचं तरी ऐकून ते एक्स्चेंजवरून, म्हणजे क्रिप्टो घ्यायच्या-विकायच्या ॲपवरून, काढून मोबाईलमधल्या वॉलेटमध्ये ठेवलं. इथपर्यंत ठीक. पुढं एका पावसाळ्यात मोबाईल भिजला, डिस्प्ले गेला, दुकानात नेला तर तिथला पोरगा म्हणाला, "डेटा पायजे काय, का मारू रिसेट?" हा म्हणाला, "मार की, फोटो तर गूगलवर हाईतच." फोटो आले परत. वॉलेट नाही आलं. वॉलेट परत उभं करायचे बारा शब्द लिहून ठेवलेले होते, नाही असं नाही, पण ते सोसायटीच्या जुन्या पासबुकाच्या मागच्या पानावर, जेल पेननं, आणि पासबुक होतं माळ्यावर, जिथं कौल गळतं. अकरा शब्द वाचता येत होते आणि बाराव्याच्या जागी निळा डाग, त्यात फक्त पहिलं अक्षर दिसत होतं, इंग्रजी एल.

त्याचं काय झालं ते पुढं सांगतो. तेव्हापासून मात्र कुणी मला विचारलं की "कुठलं वॉलेट चांगलं?" तर मी उलट विचारतो, मोबाईल आत्ता विहिरीत पडला तर पैसे परत कसे काढणार, ते करून बघितलंय का? बघितलं नसेल तर कुठलंही वॉलेट घ्या, सारखंच.

आधी हे कळू दे

कॉइन मोबाईलमध्ये नसतं. ते ब्लॉकचेनवर, म्हणजे जगभरच्या हजारो कॉम्प्युटरवर एकसारख्या असलेल्या वहीत असतं. तुमच्याकडं असते ती चावी, आणि ते बारा किंवा चोवीस शब्द म्हणजेच चावी, ज्याला सीड फ्रेज म्हणतात. एक्स्चेंजच्या ॲपमध्ये दिसतो तो आकडा म्हणजे पतसंस्थेच्या पासबुकातली नोंद, खरी चावी त्यांच्याकडं. स्वतःच्या वॉलेटमध्ये चावी तुमच्याकडं, पण हरवली तर कुलूप तोडून देणारा कुणी नाही, शाखाधिकारी नाही, कस्टमर केअर नाही.

दोन्हीकडं लोकांचे पैसे गेलेत. टोकियोचं माउंट गॉक्स एक्स्चेंज २०१४ मध्ये बुडालं तेव्हा साधारण साडेआठ लाख बिटकॉइनचा पत्ता नव्हता, एफटीएक्स एक्स्चेंज नोव्हेंबर २०२२ मध्ये आठवड्याभरात झोपलं, आपल्याकडं वझीरएक्सवर जुलै २०२४ मध्ये हॅक होऊन सुमारे २३ कोटी डॉलरचं क्रिप्टो गेलं आणि लोकांचे पैसे कित्येक महिने अडकले. कॅनडाच्या क्वाड्रिगा एक्स्चेंजचा मालक तर डिसेंबर २०१८ मध्ये आपल्या जयपूरला येऊन वारला, मग कळलं की चाव्या म्हणे त्याच्या एकट्याकडंच होत्या (आणि नंतर चौकशीत निघालं की पैसे त्यानं आधीच उडवले होते). आणि स्वतः सांभाळणाऱ्यात तो वेल्सचा जेम्स हॉवेल्स, ८००० च्या आसपास बिटकॉइनची चावी असलेली हार्ड डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली, शहराच्या कचरा डेपोत ती शोधायची परवानगी मागत त्याची वर्षं गेली.

रक्कम बघून जागा ठरवा

गेले तर दोन दिवस हळहळाल आणि विसराल इतके असतील तर एक्स्चेंजवरच राहू देत. उगाच घोळ नको. फक्त दोन-तीन गोष्टी करा. एक्स्चेंज सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडं नोंद असलेलं आहे का बघा, मार्च २०२३ पासून एक्स्चेंजना मनी लाँडरिंग कायद्याखाली आणलंय. लॉगिनला एसएमएसच्या ओटीपीवर भागवू नका, मोबाईलमध्येच कोड दाखवणारं ऑथेंटिकेटर ॲप लावा, कारण तुमच्या नावावर डुप्लिकेट सिम काढून ओटीपी पळवणारे आहेत. आणि कॉइन बाहेर काढता येतं का हे घ्यायच्या आधी तपासा, काही ॲपवर घेता-विकता येतं पण कॉइन स्वतःच्या वॉलेटला नेता येत नाही, मग पुढचं सगळं वाचून उपयोग नाही.

महिन्याच्या पगाराएवढे वगैरे असतील तर मोबाईल वॉलेट चालतं. ॲप स्टोअरमध्ये नुसतं नाव शोधून पहिलं दिसेल ते घेऊ नका, हुबेहूब लोगो लावलेले नकली असतात, वॉलेटच्या स्वतःच्या साइटवरून लिंकनं जा. आणि टेलिग्रामवर कुणी एपीके (ॲप बसवायची) फाईल पाठवली तर ती उघडूच नका.

वर्षाची कमाई, पोराच्या शिक्षणाचे, असले असतील तर हार्डवेअर वॉलेट. काही हजार रुपये जातात पण एवढ्या पैशाला ते खर्च म्हणायचे नाहीत. हे पेनड्राईव्हएवढं यंत्र, चावी ह्याच्या आतच तयार होते आणि बाहेर येत नाही, मोबाईल किंवा कॉम्प्युटरमध्ये व्हायरस असला तरी पैसे पाठवायची सही ह्याच्या बटणावरच होते. ट्रेझर चेक देशातलं, लेजर फ्रान्सचं, ही दोन जुनी नावं. सेकंडहँड घेऊ नका, ओळखीच्याकडून स्वस्तात पण नको, कंपनीच्या साइटवरून किंवा तिनं नेमलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या. डब्यातल्या कार्डावर शब्द आधीच लिहिलेले असतील तर ती फसवणूकच आहे, शब्द तुमच्या डोळ्यासमोर यंत्राच्या स्क्रीनवर उमटायला पाहिजेत. २०२० मध्ये लेजरच्या गिऱ्हाइकांची नावं-पत्ते फुटले होते, त्यानंतर काहींना पोस्टानं "बदली" यंत्रं आली, फुकट, आत छेडछाड केलेली. फुकट यंत्र पाठवण्याएवढं तुमच्यावर कुणाचं प्रेम नाही.

शब्द लिहिताना

इथं मी जरा जास्त बोलणार आहे कारण आपल्याकडं पैसे इथंच जातात, हॅकर बिकर नंतर.

शब्द २०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या इंग्रजी यादीतले असतात, ॲबॅन्डनपासून झूपर्यंत. जसे दिसतील तसे इंग्रजी अक्षरात लिहा. देवनागरीत लिहून ठेवलेलं एकानं मला दाखवलं, आता "क" चा सी का के, आणि दीर्घ "ई" चं नेमकं स्पेलिंग काय, ते पाच वर्षांनी कोण सांगणार. एक बरं आहे, त्या यादीत पहिली चार अक्षरं कुठल्याही दोन शब्दांची सारखी नाहीत, म्हणजे चार अक्षरं स्पष्ट असली तरी भागतं.

फोटो काढू नका, स्क्रीनशॉट नको, स्वतःलाच व्हॉट्सॲप करणं नको, झेरॉक्स नको. आणि लॅमिनेशन! एकजण सीडचा कागद घेऊन खडेबाजारात लॅमिनेशनला उभा होता, मागं रांग, पुढं दुकानदार, आणि कागद काउंटरवर उताणा. मी त्याचा हात धरून बाहेर आणला.

जेल पेन पाण्यात पसरतं, पेन्सिल नाही पसरत. आपल्याकडं जून ते सप्टेंबर भिंतीला ओल येते, कणकुंबी-जांबोटीकडं तर कपाटातल्या कपड्यांना पण बुरशी येते, कागदाची काय कथा. म्हणून एक प्रत पेन्सिलीनं कागदावर आणि मोठी रक्कम असेल तर एक स्टीलच्या पट्टीवर. ह्याला बाहेरून महागडं किट मागवायची गरज नाही. उद्यमबागच्या भंगारात स्टेनलेस पट्टी मिळते, हार्डवेअरच्या दुकानात अक्षरांचे पंच मिळतात, किंवा भांड्यावर नाव घालतात तसली मशीन दोन तासासाठी मागून आणा. पट्टी स्वतः ठोका. भांड्याच्या दुकानात देऊन "हे बारा शब्द घाला हो मामा" असलं करू नका. चार चार अक्षरं म्हणजे बारा शब्दांना जास्तीत जास्त अठ्ठेचाळीस ठोके, टीव्ही बघत होतं. स्टेनलेस स्टील १४०० अंशाच्या आसपास वितळतं, तोपर्यंत घरातलं बाकी काही शिल्लक नसतं.

दोन्ही प्रती एका छपराखाली ठेवू नका. माझी एक इथं घरी आहे आणि एक पलीकडं महाराष्ट्रात चंदगडकडं, बंद डब्यात, आत काय आहे ते फक्त ज्याच्याकडं आहे त्याला माहीत. सीमेचा एवढा तरी फायदा.

आता पुसा

वॉलेट तयार झालं, शब्द लिहिले, की लगेच पैसे टाकू नका. वॉलेटचा पत्ता कागदावर उतरवून घ्या. पाचशे रुपयांचं काहीतरी पाठवा. मग ॲप डिलीट करा, किंवा हार्डवेअर असेल तर यंत्र कोरं करा. लेजरवर मुद्दाम तीनदा चुकीचा पिन मारला की ते स्वतःच कोरं होतं. पोटात गोळा येतो, येऊ दे, पाचशेच आहेत. आता कागदावरून शब्द घालून परत उभं करा. पत्ता तोच आला, पाचशे दिसले, तर कागद बरोबर. नाही आले तर पाचशेत शिकलात.

माझ्या मावसभावाला हे आधी माहीत नव्हतं म्हणून आम्ही एक अख्खी रात्र बसलो. यादीत एलचे शब्द सत्तर-ऐंशीच्या आसपास. शेवटचा शब्द कसलाही चालत नाही, त्यात आधीच्या अकरांची तपासणी दडलेली असते, सोळातला साधारण एकच बसतो. नव्या मोबाईलवर वॉलेट ॲप घेतलं, तो यादी वाचायचा, मी घालायचो. इनव्हॅलिड. इनव्हॅलिड. मध्येच एक पास झाला, दोघं उठून उभे राहिलो, उघडलं तर शून्य, कुणाचंच नसलेलं रिकामं वॉलेट. असं तीनदा झालं. चौथ्यांदा त्याचे पैसे दिसले, तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेलेले आणि मावशीला वाटलं आम्ही जुगार खेळूलोय. दुसऱ्या दिवशी नवं वॉलेट केलं आणि सगळं तिकडं हलवलं, कारण ते शब्द एवढ्या वेळा बोलून झाले होते की माळ्यावरच्या उंदरालाही पाठ झाले असतील. आणि नशीब म्हणा एकच शब्द गेला होता, तीन-चार गेले असते तर हातानं काही होत नव्हतं.

पाठवताना

पत्ता कॉपी-पेस्ट करा पण नंतर नजरेनं पण तपासा, पुढची, मागची आणि मधलीही काही अक्षरं, कारण पत्ता गुपचूप बदलणारे व्हायरस आहेत आणि पुढचं-मागचं सारखं दिसणाऱ्या पत्त्यावरून शून्य रकमेचा व्यवहार पाठवून तुमच्या हिस्ट्रीत बसणारे पण आहेत. हिस्ट्रीतून पत्ता उचलू नका. यूएसडीटी, म्हणजे डॉलरला बांधलेलं कॉइन, पाठवत असाल तर दोन्हीकडं नेटवर्क एकच पाहिजे, ट्रॉनचा पत्ता टीनं सुरू होतो, इथरियमचा शून्य-एक्सनं. पहिल्यांदा थोडं, पोचलं की बाकीचं. एकदा गेलं की परत मागवायची सोय नाही, यूपीआयमध्ये निदान बँकेत जाऊन भांडता येतं.

स्वतःच्याच वॉलेटमध्ये हलवणं म्हणजे विक्री नव्हे, पण तारीख, रक्कम, पत्ता लिहून ठेवा, कारण विकाल तेव्हा नफ्यावर ३० टक्के टॅक्स आहे, एप्रिल २०२२ पासून, तोटा दुसरीकडं वजा करता येत नाही, आणि १ टक्का टीडीएस कापतात तो वेगळा. सीए विचारणार हे कुठून आलं, तेव्हा वही दाखवा.

आणि शब्द कुणी मागितले, कंपनी म्हणून, सपोर्ट म्हणून, "व्हेरिफाय" करायला म्हणून, तर तो चोर. दुसरी शक्यता नाही. गेलेच पैसे तर तासाभरात १९३० ह्या सायबर हेल्पलाइनला फोन, मग सीईएन, म्हणजे सायबर गुन्ह्यांचं, पोलीस स्टेशन. तक्रार कन्नडमध्ये लिहायची अडचण वाटत असेल तर कन्नड येणाऱ्याला बरोबर न्या, त्यासाठी दिवस घालवू नका. "गेलेलं क्रिप्टो काढून देतो, आधी फी भरा" म्हणणारे नंतर हमखास येतात, त्यांना काही देऊ नका.

घरच्यांनी करून बघायचं

तुम्हाला जमतं हे अर्धंच झालं. मागच्या दिवाळीत मी बायकोला शब्दांच्या कागदाचा डबा दिला, कोरं केलेलं यंत्र दिलं, एक पानभर मराठीत सूचना लिहून दिल्या आणि बाहेर कट्ट्यावर जाऊन बसलो, काही सांगायचं नाही असं ठरवून. पंधरा मिनिटांनी आतून आवाज आला, "अहो, हे इनव्हॅलिड म्हणूलंय बघा."

मी आत गेलो. कागद माझ्याच अक्षरातला, स्वच्छ, कोरडा, पेन्सिलीचा. मी शब्द दोन रांगेत लिहिले होते, डावीकडं वरून खाली सहा, उजवीकडं सहा. ती वाचत होती आडवं, डावा-उजवा, डावा-उजवा, जसं कुणीही वाचेल. आकडे घालायचे मी विसरलो होतो. त्याच रात्री दोन्ही बाजूंना एक ते बारा घातले, आणि रविवारी चंदगडला जाऊन तिकडच्या पट्टीवर पण ठोकून आलो.