अमेरिकन नागरिकाशी लग्न: मुंबईतल्या मुलाखतीपासून शपथविधीपर्यंतची कागदी तयारी

ही यादी एका ठरावीक जोडप्यासाठी आहे: एकजण अमेरिकेचा नागरिक, दुसरा अजून महाराष्ट्रात, लग्न नुकतेच झालेले किंवा तारीख धरलेली. तिकडचा माणूस नुसता ग्रीन कार्डधारक (कायमचा रहिवासी, पण नागरिक नव्हे) असेल तर कागद जवळपास हेच, पण त्याच्यासाठी रांग असते आणि दर महिन्याचे व्हिसा बुलेटिन (रांग कुठवर आली ते सांगणारे सरकारी पत्रक) पाहावे लागते. तो मध्येच नागरिक झाला तर ताबडतोब कळवावे, रांग सुटते. लग्न खरे आहे याचे पुरावे मात्र पुन्हा पुन्हा मागितले जातात: व्हिसाला, नंतर कार्डावरच्या अटी काढताना आणि शेवटी नागरिकत्वाला. म्हणून फाइल एकच ठेवा आणि ती लग्नपत्रिकेपासून सुरू करा.

पहिले काम नावांची जुळणी. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, पासपोर्ट आणि विवाह प्रमाणपत्र टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि अक्षर न् अक्षर ताडून पाहा. एकीकडे व्ही, दुसरीकडे डब्ल्यू. एकीकडे वडिलांचे नाव मधे, दुसरीकडे ते गायबच. जन्मतारीख शाळेत घालताना पुढेमागे केलेली. जुन्या जन्मदाखल्यांत बाळाच्या नावाचा रकाना सर्रास कोरा असतो, कारण नोंद बारशाआधी झालेली असते. तो नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन आत्ताच भरून घ्या; मुलाखतीची तारीख आल्यावर ही धावपळ जमत नाही. नोंदच सापडत नसेल तर निबंधकाकडून तसे अनुपलब्धता प्रमाणपत्र घ्या आणि सोबत शाळेचा दाखला व जवळच्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे जोडा. नुसते प्रतिज्ञापत्र पुरत नाही. लग्नानंतर नाव बदलायचे असेल तर ते अर्जाआधी पासपोर्टवर चढवा, नाहीतर व्हिसा होईपर्यंत माहेरचेच नाव चालू द्या. अर्ज अर्ध्यात असताना बदललेले नाव सगळ्यात जास्त त्रास देते.

विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र हवे. भटजींचा दाखला किंवा मंगल कार्यालयाची पावती चालत नाही. नोंदणीसाठी दोघांसोबत तीन साक्षीदार लागतात, तेव्हा पाहुणे पांगण्याआधी दिवस ठरवा. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे असेल तर ३० दिवसांची नोटीस असते. परदेशातून दोन आठवड्यांच्या सुट्टीवर येणाऱ्याने हे तिकीट काढण्याआधी पाहावे. कोणाचे पहिले लग्न मोडलेले असेल तर न्यायालयाचा अंतिम हुकूमनामा हवा. स्टॅम्पपेपरवर पंचांसमोर लिहिलेल्या सोडचिठ्ठीच्या भरवशावर राहू नका. फक्त मराठीत असलेल्या प्रत्येक कागदाचे पूर्ण इंग्रजी भाषांतर लावा. ते दोन्ही भाषा येणारे कोणीही करू शकते, पण ‘भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि मला दोन्ही भाषा येतात’ असे सहीसह लिहून द्यावे लागते.

आता अर्ज. नागरिक जोडीदार आय-१३० (जोडीदाराला आणण्याचा मूळ अर्ज) भरतो आणि इकडच्या जोडीदाराची माहिती आय-१३०ए मध्ये जाते. एप्रिल २०२४ च्या दरपत्रकात ऑनलाइन शुल्क ६२५ डॉलर आणि कागदी अर्जाचे ६७५ आहे; भरण्याच्या दिवशी दर पुन्हा पाहा. ठरवून झालेल्या लग्नात पुराव्यांची काळजी अनेकांना वाटते, पण पाहून-सवरून लग्न ही गोष्ट मुंबईच्या अधिकाऱ्यांना नवी नाही. त्यांना दोन्ही घरे त्यात होती का, हे पाहायचे असते. स्थळ कोणी सुचवले, भेट कधी झाली, साखरपुडा कुठे झाला, हे दोघांनीही सारखेच सांगता आले पाहिजे. सहाशे फोटोंचा अल्बम नको. पंचवीसेक निवडा, त्यात दोन्हीकडची वडीलधारी माणसे दिसू द्या आणि प्रत्येकाखाली तारीख, जागा, नावे लिहा. त्यासोबत विमानाचे बोर्डिंग पास, पासपोर्टवरचे शिक्के, पैसे पाठवल्याच्या नोंदी, विम्यावर किंवा भविष्य निर्वाह निधीत जोडीदाराचे नामनिर्देशन, आणि महिन्याला दोन-चार पाने या हिशोबाने गप्पांचे स्क्रीनशॉट.

आय-१३० मंजूर झाला की प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे (मुलाखतीआधी कागद गोळा करणाऱ्या अमेरिकी सरकारी कार्यालयाकडे) जाते. तिथे ३२५ आणि १२० डॉलर अशी दोन शुल्के भरून डीएस-२६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरायचा. त्यात वयाच्या १६ व्या वर्षापासूनचे सगळे पत्ते मागतात. वसतिगृह आणि पुण्यातली भाड्याची खोली धरून. पूर्वी पर्यटक व्हिसा नाकारला गेला असेल तर तो सांगायचाच. नकाराने सहसा काही बिघडत नाही, पण लपवलेले सापडले तर कायमची बंदी येऊ शकते. सोशल सिक्युरिटी क्रमांक हवा का, या प्रश्नाला ‘हो’ म्हणा, तिकडची एक खेप वाचते. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट कार्यालयाकडूनच घ्या, पोलीस ठाण्याचा दाखला चालत नाही. दुबई, सिंगापूर अशा ठिकाणी वर्षभर किंवा जास्त राहिले असाल तर तिथलाही आणा. तो मिळवायला फार वेळ जातो, म्हणून त्याची सुरुवात सर्वांत आधी.

आय-८६४ या आर्थिक हमीपत्रावर सर्वाधिक प्रकरणे अडतात. प्रायोजकाचे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के हवे. २०२५ च्या तक्त्याप्रमाणे दोघांच्या घराला ते वर्षाला साधारण २६,४३७ डॉलर होते. घरातल्या माणसांत येणारा जोडीदारही मोजायचा, हे बरेच जण विसरतात. उत्पन्न कमी पडले तर अमेरिकेत राहणारा दुसरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक सहप्रायोजक होऊ शकतो, पण तरीही मूळ प्रायोजकाचा आय-८६४ लागतोच. सोबत अमेरिकी करखात्याचा ट्रान्सक्रिप्ट (विवरणपत्राचा उतारा), डब्ल्यू-२ (मालकाने दिलेला वार्षिक पगार व करकपातीचा दाखला) आणि नोकरीचे पत्र. सहप्रायोजक म्हणून मामाला गळ घालण्याआधी त्यांना एक गोष्ट सांगा: ही हमी घटस्फोटानेही सुटत नाही. येणारा नागरिक होईपर्यंत किंवा कामाच्या ४० तिमाह्या भरेपर्यंत ती साधारणपणे चालू राहते.

वैद्यकीय तपासणी दूतावासाच्या यादीतल्या डॉक्टरांकडेच होते. लसींच्या जुन्या नोंदी न्या. छातीच्या एक्स-रेत क्षयाची शंका आली तर थुंकीच्या कल्चरला आठ आठवड्यांपर्यंत लागतात, म्हणून तिकीट आणि राजीनामा दोन्ही हातात व्हिसा पडेपर्यंत थांबवा. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मुलाखतीला अपलोड केलेल्या प्रत्येक कागदाची मूळ प्रत न्या.

व्हिसा मिळाल्यावर, निघण्याआधी २३५ डॉलरचे इमिग्रंट शुल्क ऑनलाइन भरा, नाहीतर कार्ड छापले जात नाही. इथे एक तारीख नीट पाहा. अमेरिकेत उतरण्याच्या दिवशी लग्नाला दोन वर्षे झाली नसतील तर कार्ड दोन वर्षांचे आणि सशर्त येते; झाली असतील तर दहा वर्षांचे. लग्नाचा दुसरा वाढदिवस तीन आठवड्यांवर असेल आणि व्हिसाची मुदत असेल तर प्रवास पुढे ढकला, एक संपूर्ण अर्ज वाचेल.

सशर्त कार्डावर आय-७५१ (अटी काढण्याचा अर्ज) भरायचा तो मुदत संपण्याच्या आधीच्या ९० दिवसांतच. लवकर पाठवला तर परत येतो, उशीर झाला तर रहिवासाचा दर्जाच जातो. त्यासाठी दोघांच्या नावाचा भाडेकरार, एकत्र भरलेले कर, संयुक्त खाते आणि विमा पहिल्या महिन्यापासून जमवत राहा. लग्न मोडले असेल किंवा घरात मारहाण होत असेल तर एकट्याने अर्ज करण्याची सोय आहे. ‘जोडीदाराची सही नाही तर काहीच नाही’ ही धमकी खोटी असते. घर बदलले की दहा दिवसांत एआर-११ हा पत्ता कळवण्याचा फॉर्म भरा.

नागरिकत्वाचा एन-४०० हा अर्ज लग्नाच्या आधारावर कायमचा रहिवासी झाल्यापासून तीन वर्षांनी, किंबहुना त्याच्या ९० दिवस आधीपासून भरता येतो. अट अशी की ती तिन्ही वर्षे जोडीदार नागरिक असावा आणि दोघे एकत्र राहत असावेत. वेगळे झालात तर पाच वर्षांचा हिशोब लागू. तीन वर्षांत किमान १८ महिने देशात काढलेले हवेत. सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर सलग वास्तव्य तुटल्याचे धरले जाते. बाळंतपणाला माहेरी जाणाऱ्यांनी परतीची तारीख डॉक्टरांइतकीच कॅलेंडरलाही विचारावी. प्रत्येक प्रवासाची तारीख लिहून ठेवा, अर्जात त्या मागतात. २० ऑक्टोबर २०२५ पासूनच्या अर्जांना नवी नागरिकशास्त्र चाचणी आहे: १२८ प्रश्नांतून २० पर्यंत विचारतात, १२ बरोबर हवेत. वाहन परवाना काढताना मतदार नोंदणीच्या चौकटीत चुकून खूण करू नका. नागरिक होण्याआधी केलेले मतदान देशाबाहेर काढण्यापर्यंत नेऊ शकते.

शपथ घेतली की भारताचे नागरिकत्व १९५५ च्या कायद्याच्या कलम ९ नुसार आपोआप संपते. त्यानंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करू नका. तो जमा करून सरेंडर प्रमाणपत्र घ्या आणि ओसीआयचा (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाचा) अर्ज करा. गावी सातबारावर नाव लागायचे असेल तर वारसाने आलेली शेतजमीन ठेवता येते, विकत मात्र घेता येत नाही.