बॅकअपची एन्क्रिप्ट केलेली हार्ड डिस्क आणि पासवर्डची चौकट

सातबाऱ्याच्या प्रती, पीक विम्याच्या पावत्या आणि गारपिटीनंतर काढलेले संत्र्याच्या बागेचे फोटो घरच्या संगणकावर असतील, तर त्यांची दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर असावी, आणि ती डिस्क चोरीला गेली तरी कोणाला वाचता येऊ नये म्हणून एन्क्रिप्ट केलेली असावी. अशी डिस्क जोडताच पासवर्डची चौकट येते. एकदा ती उघडली की केबल काढेपर्यंत किंवा संगणक बंद होईपर्यंत सहसा पुन्हा विचारणा होत नाही. आमच्या वरूड तालुक्यात मात्र वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. संगणक पुन्हा सुरू झाला तरी डिस्क बंदच राहते, आणि कोणी पासवर्ड टाकला नाही तर ठरलेला बॅकअप होत नाही. माझ्या हे पोळ्यानंतर ध्यानात आले, तेव्हा मागच्या महिनाभरातील एकही फाइल डिस्कवर पोहोचलेली नव्हती.

म्हणून घरच्या एका संगणकापुरती ही विचारणा बंद करणे मला रास्त वाटते. विंडोजमध्ये बिटलॉकरच्या, म्हणजे विंडोजच्याच एन्क्रिप्शनच्या सोयीच्या, चौकटीतच ‘अधिक पर्याय’ उघडून, या संगणकावर डिस्क आपोआप उघडावी अशी खूण करता येते. मग लॉगिन केले की डिस्कही उघडते. उबंटू या लिनक्सच्या प्रकारात पासवर्ड लगेच विसरावा, लॉगआउटपर्यंत लक्षात ठेवावा की कायमचा, असे तीन पर्याय दिसतात. मात्र संगणकाची स्वतःची डिस्कही एन्क्रिप्ट केलेली असावी आणि लॉगिनला पक्का पासवर्ड असावा, कारण एकाच खोलीतून दोन्ही वस्तू उचलल्या गेल्या तर एरवी कुलपाला किल्ली लावूनच ठेवल्यासारखे होईल. बिटलॉकरने नवी डिस्क एन्क्रिप्ट करायला विंडोजची प्रो आवृत्ती लागते. होम आवृत्तीत ती फक्त उघडता येते.

बरोबर पासवर्डही नाकारला जात असेल, तर आधी कीबोर्डची भाषा पाहावी. मराठीत अर्ज टाइप करून उठल्यावर कीबोर्ड मराठीवरच राहतो आणि चौकटीत फक्त ठिपके दिसत असल्याने चूक कळत नाही. विंडोजचे बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजीवर यावे, मग कॅप्स लॉक तपासावे.

बिटलॉकर देते ती ४८ अंकी रिकव्हरी की, म्हणजे पासवर्ड विसरल्यास डिस्क उघडणारे सहा-सहा अंकांचे आठ गट, कागदावर छापून घ्यावी. माझा कागद खरेदीखतांच्या पेटीत आहे आणि डिस्क दुसऱ्या खोलीत. लिनक्सच्या लक्स या एन्क्रिप्शन पद्धतीत अशी की आपोआप मिळत नाही, त्यामुळे दुसरा पासवर्ड जोडून ठेवावा आणि डिस्कच्या हेडरची, म्हणजे कुलपाची माहिती असलेल्या सुरुवातीच्या भागाची, प्रतही वेगळी काढावी. हेडर बिघडला तर बरोबर पासवर्डही काही कामाचा राहत नाही.

डिस्क आपोआप उघडू लागली की पासवर्ड बोटांतून निघून जातो. म्हणून मी दर महिन्याला ती पुतण्याच्या लॅपटॉपला जोडतो, पासवर्ड हाताने टाकतो आणि बागेचा एखादा जुना फोटो उघडून पाहतो.