आधी पंचांग, मग तिकीट : सण आणि निसर्गाच्या पर्वण्यांभोवती प्रवास कसा आखावा

ठाणे आणि नवी मुंबईतील बहुतेक कुटुंबांचा मोठा प्रवास मे महिन्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीवर ठरतो. सुट्टी आधी पक्की होते, मग ठिकाण शोधले जाते आणि त्या दिवसांत तिथे जे असेल ते पाहून आपण परत येतो. खग्रास सूर्यग्रहण, ध्रुवीय प्रकाश, चेरीचा बहर, आफ्रिकेतील मारा नदी ओलांडणारे विल्डबीस्टचे कळप किंवा परक्या गावातला एखादा मोठा उत्सव पाहायचा असेल, तर हा क्रम उलटा करावा लागतो. तारीख आधी, ठिकाण त्यानंतर, रजा त्यानंतर आणि तिकीट सर्वांत शेवटी. तारीख पाहताना त्या घटनेतले नेमके काय अनिश्चित आहे, हेही तपासावे. ग्रहणाची वेळ सेकंदापर्यंत ठाऊक असते, पण आकाश निरभ्र असेल की नाही हे कोणी सांगू शकत नाही. उत्सवाचा दिवस ठरलेला असतो, पण राहायला जागा मिळेलच असे नाही. बहराचा हंगाम माहीत असतो, दिवस मात्र नसतो. पैसा आणि दिवस कुठे जास्त घालायचे, ते यावरून ठरवावे.

याचा सराव घराजवळही करता येतो. ठाणे खाडीत साधारण नोव्हेंबरपासून रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, येऊ लागतात आणि मे महिन्यापर्यंत त्यांचा मुक्काम असतो. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून त्यांना पाहण्यासाठी बोटी सुटतात आणि त्यांच्या वेळा भरतीप्रमाणे रोज बदलतात. भरती दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे या रविवारी दुपारी बाराला असलेली भरती पुढच्या रविवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास येते. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याची आपल्या किनाऱ्यावरची जुनी रीत इथे ढोबळमानाने उपयोगी पडते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आतबाहेर. खाडीत आत पाणी थोडे उशिरा चढते, एवढे लक्षात ठेवावे. ओहोटीला पक्षी चिखलावर दूरवर पांगलेले असतात. पाणी चढू लागले की ते काठाकडे सरकतात आणि चिखल पुरता बुडाला की नेरूळच्या डीपीएस तलावासारख्या पाणथळ जागी विसाव्याला येतात. म्हणजे रिकामा रविवार हाताशी असेल, तर त्या दिवशीची भरती पाहून बोट घ्यायची की तलावाच्या काठी उभे राहायचे, हे आदल्या रात्रीच ठरवता येते. लांबच्या प्रवासाची आखणीही याच रीतीने होते, फक्त त्यात पैसे बरेच अधिक गुंतलेले असतात.

ज्यांना अशा प्रवासांपैकी एकच परवडणार आहे, त्यांनी खग्रास सूर्यग्रहणाचा विचार आधी करावा, असे माझे मत आहे. सूर्य ९९ टक्के झाकला गेला तरी भर दिवसा होणारा अंधार, सूर्याभोवतीचे प्रभामंडळ आणि एकाएकी दिसणारे ग्रह हे काहीच पाहायला मिळत नाही. ते उरलेला एक टक्का झाकला गेल्यावरच दिसते. म्हणून चंद्राची सावली ज्या अरुंद पट्ट्यातून जाते त्या पट्ट्याच्या जवळ असून भागत नाही, पट्ट्याच्या आतच असावे लागते आणि शक्यतो मध्यरेषेच्या आसपास, कारण कडेला खग्रास स्थिती काही सेकंदांतच संपते.

२ ऑगस्ट २०२७ चे ग्रहण या दृष्टीने मोठे आहे. चंद्राची सावली दक्षिण स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त, सौदी अरेबिया, येमेन आणि सोमालिया या देशांवरून जाईल आणि इजिप्तमधील लक्झरजवळ खग्रास स्थिती सहा मिनिटांहून अधिक टिकेल. आपल्याकडे त्या दिवशी आषाढ अमावास्या, म्हणजे दिव्यांची अवस आहे. शिवाय सोमवार असल्याने सोमवती आहे आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थातील पहिले अमृतस्नानही त्याच दिवशी आहे. सूर्यग्रहण अमावास्येखेरीज होतच नाही, त्यामुळे हा योग वाटतो तितका नवलाचा नाही. पण ज्यांच्या घरी ज्येष्ठांना पर्वणी साधायची आहे आणि धाकट्यांना ग्रहण पाहायचे आहे, त्यांनी हा प्रश्न वर्षभर आधीच सोडवून ठेवलेला बरा. पश्चिम भारतात ते ग्रहण खंडग्रास आहे आणि ऑगस्टमधल्या आपल्या आकाशावर कोणी विसंबू नये.

२२ जुलै २००९ च्या ग्रहणाने हाच धडा दिला होता. खग्रास पट्टा सुरत, इंदूर, भोपाळ, वाराणसी, पाटणा असा भर पावसाळ्यात देशाच्या मध्यातून गेला. पाटण्याजवळच्या तारेगना गावाचा फार गाजावाजा झाला, तिथे मोठी गर्दी लोटली आणि ऐन वेळी ढगांनी सूर्य झाकला. वाराणसीच्या घाटांवर मात्र लोकांना ते दृश्य दिसले. म्हणून ठिकाण निवडताना खग्रास स्थिती किती मिनिटे आहे यापेक्षा त्या महिन्यात तिथले आकाश बहुधा कसे असते, हे आधी पाहावे. लक्झर दोन्ही कसोट्यांना उतरते: ऑगस्टमध्ये तिथे ढग क्वचितच असतात आणि खग्रास स्थिती दुपारी एकच्या सुमारास, सूर्य जवळजवळ डोक्यावर असताना येते. त्याची किंमत म्हणजे चाळीस अंशांच्या पुढचा उन्हाळा. वयस्कर मंडळी सोबत असतील, तर सावली आणि वातानुकूलित खोली हाकेच्या अंतरावर असेल अशीच जागा घ्यावी आणि कर्नाकचे मंदिर किंवा राजांची दरी पहाटे उरकावी. सोयीसाठी कैरोत मुक्काम ठेवण्याचा मोह अनेकांना होईल. कैरो पट्ट्याच्या बाहेर आहे.

आधी दोन दिवस पोहोचावे आणि ग्रहण सुटताच निघू नये, कारण त्या घटकेला सर्वच जण निघतात; परतीचे विमान दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसाचे घ्यावे. खंडग्रास अवस्थेत डोळ्यांसाठी आयएसओ १२३१२-२ या मानकाचे चष्मे लागतात आणि ते इथूनच घेऊन जावेत. २०२७ जमणार नसेल, तर २२ जुलै २०२८ चे ग्रहण सिडनी शहरावरून जाते आणि देशाबाहेर जायचेच नसेल, तर २० मार्च २०३४ चा खग्रास पट्टा काश्मीर-लडाखच्या भागातून जाणार आहे.

उत्सवांच्या तारखा काढण्यात मराठी माणसाला एक सोय आहे, ती म्हणजे तिथीची सवय. थायलंडचा लॉय क्राथोंग हा नदीत दिवे सोडण्याचा सण आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास येतो. चीनचा मध्य-शरद उत्सव कधी भाद्रपद पौर्णिमेला, तर कधी कोजागिरीला येतो, कारण त्यांच्याही पंचांगात अधिक महिना असतो, फक्त तो आपल्याच वर्षी पडेल असे नसते. रिओचा कार्निव्हल ईस्टरवर अवलंबून असतो. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे, त्यामुळे कार्निव्हल फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यातच उरकतो. हिजरी वर्षाचे सण दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतात आणि चंद्रदर्शनावर एक दिवस पुढेमागे होऊ शकतात, म्हणून त्यासाठी तिकीट काढताना दोन्ही बाजूंना एकेक दिवस मोकळा ठेवावा. मंगोलियाचा नादाम ११ ते १३ जुलै, पाम्प्लोनाचा सान फेर्मिन ६ ते १४ जुलै, नागालँडचा हॉर्नबिल १ ते १० डिसेंबर, यांचा हिशेब सरळ आहे.

खरा प्रश्न असतो तो उत्सवातला कोणता दिवस गाठायचा हा. बाहेरगावच्या पाहुण्याने गणपती पाहायला कधी येऊ, असे विचारले, तर आपण त्याला अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर उभे करत नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी संध्याकाळच्या आरतीला घरी बोलावतो आणि रात्री दोन-तीन मंडळांचे देखावे दाखवतो. परक्या उत्सवातला असा दिवस शोधावा. क्योतोचा गिओन उत्सव जुलैभर चालतो आणि १७ जुलैची रथयात्रा जगप्रसिद्ध आहे, पण २४ जुलैला दुसरी, आकाराने लहान रथयात्रा निघते आणि तिला गर्दीही कमी असते. म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्ट या बिअरच्या उत्सवाला शनिवारी रात्री जाण्यापेक्षा आठवड्यातल्या कामाच्या दिवशी दुपारी गेले, तर टेबलाजवळ बसायला तरी मिळते. अशा गावांत मुक्कामाची जागा विमानाच्या तिकिटाच्या आधी संपते. म्हणून रद्द केल्यास पैसे परत मिळतील अशी खोली आधी अडवून ठेवावी आणि मग बाकीचे पाहावे.

मोसमावर अवलंबून असलेल्या घटनांसाठी दिवस हेच भांडवल. नॉर्दर्न लाइट्स, म्हणजेच ध्रुवीय प्रकाश, पाहायला मे महिन्याच्या सुट्टीत नॉर्वेला जायचे असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण ट्रॉम्सोमध्ये मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य मावळतच नाही, आणि उजेडात ध्रुवीय प्रकाश दिसत नाही. त्याचा काळ सप्टेंबर ते मार्च असा आहे. संपातांच्या सुमारास, म्हणजे सप्टेंबर आणि मार्चच्या उत्तरार्धात, भूचुंबकीय हालचाल जास्त असते, पण सप्टेंबर आपल्याकडे गणपतीचा आणि मार्च परीक्षांचा व हिशेबांचा. त्यामुळे दिवाळीची सुट्टीच व्यवहार्य ठरते. हा प्रकाश वारंवार दिसतो त्या ध्रुवाभोवतीच्या पट्ट्याखाली गेले की सौर हालचाल बेताची असली तरी प्रकाश दिसू शकतो. खरा अडसर ढगांचा असतो. स्वीडनमधील अबिस्को गाव डोंगरांच्या पर्जन्यछायेत असल्याने तिथले आकाश किनाऱ्यावरच्या ट्रॉम्सोपेक्षा अधिक वेळा मोकळे असते. महाबळेश्वरला धुवाधार पाऊस असताना वाईला ऊन पडावे, तसाच हा प्रकार. मुक्काम किमान चार रात्रींचा असावा. सौरवाऱ्याचा अंदाज फार तर दोन-तीन दिवसांपुरताच भरवशाचा असतो, म्हणून महिनाभर आधी केलेल्या भाकितांवर पैसे लावू नयेत.

चेरीच्या बहराचे तसे नाही, तिथे जागा बदलून वेळ साधता येते. जपानची हवामान संस्था टोकियोत यासुकुनी मंदिराच्या आवारातील एका ठरावीक झाडावर पाच-सहा फुले उमलली की बहर सुरू झाल्याचे जाहीर करते. त्यानंतर साधारण आठवड्याने पूर्ण बहर येतो आणि वारा-पाऊस आला की लगेच ओसरतो. पण बहर मार्चअखेरीस दक्षिणेत आणि एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीस होक्काइदोत, असा उत्तरेकडे सरकत जातो. मुलांची वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये संपत असेल, तर टोकियो-क्योतोचा हट्ट सोडून हिरोसाकीसारखे उत्तरेचे गाव धरावे. फक्त २९ एप्रिलपासून जपानमध्ये ओळीने सुट्ट्या लागतात, त्याआधी बाहेर पडता आले तर उत्तम. पहिल्या आणि शेवटच्या रात्रीची खोली पक्की ठेवून मधल्या रात्री मोकळ्या ठेवल्या, तर अंदाज बदलला की रेल्वेने बहराच्या मागे जाता येते.

केनियातील मसाई मारामध्ये विल्डबीस्टचे कळप जुलै ते ऑक्टोबर या काळात असतात, परंतु ते नदी नेमकी कधी ओलांडतील हे वाटाड्यालाही सांगता येत नाही. काठावर तासन्‌तास गाडीत बसून राहण्याची तयारी नसेल, तर जानेवारी-फेब्रुवारीत टांझानियातील सेरेंगेटीच्या दक्षिणेला, न्दुतूच्या माळावर, विणीचा हंगाम पाहावा. केनियासाठी पीतज्वराची लस आवश्यक आहे, टांझानियासाठीचा नियम आधी तपासावा. ती मान्यताप्राप्त केंद्रांतच मिळते आणि दाखला लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो; तो नसेल, तर परत येताना भारतात विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. साठी ओलांडलेल्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, कारण लस घेता येणार नसेल, तर सारा बेतच बदलावा लागतो.

कागदपत्रांत पासपोर्टची मुदत सर्वांत आधी पाहावी. अनेक देश प्रवासानंतर सहा महिने शिल्लक असावेत अशी अट घालतात आणि नूतनीकरणासाठी ठाणेकरांना वागळे इस्टेटमधील सेवा केंद्राची तारीख घ्यावी लागते. युरोपातील बहुतेक देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून पंधरा दिवस आधीपर्यंत करता येतो, तो जिथे सर्वाधिक दिवस मुक्काम आहे त्या देशाकडे करायचा असतो आणि त्याला किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. गर्दीच्या मोसमात व्हिसा केंद्राची तारीख मिळायलाच वेळ जातो, म्हणून सहा महिन्यांची खिडकी उघडताच अर्ज करावा. विमान कंपन्या साधारण अकरा महिने आधी तिकिटे खुली करतात. रजेला वरिष्ठांची लेखी मंजुरी घेऊन, व्हिसा हातात आल्यावर किंवा तारीख बदलता येईल असे तिकीट असल्यासच पैसे भरावेत. यात्रा कंपनीकडून सहल घेतली, तर परदेशी सहलीवर कंपनीने आगाऊ घेतलेल्या टीसीएस या कराची नोंद प्राप्तिकर विवरणपत्रासाठी जपून ठेवावी. नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यापासून तिकिटावर एनएमआय (नवी मुंबई) लिहिले आहे की बीओएम (मुंबई), हेही पाहण्याची सवय लावून घ्यावी, विशेषतः जोडविमान असेल तेव्हा. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून उडायचे असेल, तर मधल्या रस्त्यासाठी आणि सामान पुन्हा जमा करण्यासाठी पाच-सहा तास तरी हाताशी ठेवावेत.