जुना मोटर ग्रेडर विकत घेण्यापूर्वी कसा तपासावा

जुना मोटर ग्रेडर, म्हणजे लांब ब्लेडने रस्ता किंवा जमीन सपाट करणारे यंत्र, पाहायला गेलेला माणूस बहुतेक वेळा आधी इंजिन सुरू करायला सांगतो, आणि ते पटकन सुरू झाले की त्याचा निम्मा निर्णय तिथेच होऊन जातो. ही घाई महागात पडते. डिझेल इंजिनाची जाण असलेला कुशल मेकॅनिक इंजिन उघडून दुरुस्त करू शकतो आणि अगदीच निकामी झाले तर बऱ्याचदा दुसरे बसवताही येते. ग्रेडरचा खरा जीव मात्र ब्लेड, सर्कल (ब्लेड फिरवणारे दातेरी कडे), ड्रॉबार (सर्कलला फ्रेमच्या पुढच्या भागाशी जोडणारा सांगाडा) आणि टँडम (मागे प्रत्येक बाजूला एकामागोमाग असलेल्या दोन चाकांची जोडी) यांत असतो. हे भाग त्या त्या मॉडेलपुरतेच घडवलेले असतात. ते झिजले तर पर्याय फारसे उरत नाहीत. म्हणून तपासणीची सुरुवात ब्लेडपासून करावी आणि इंजिनाकडे शेवटी यावे.

ग्रेडर इतका लांब का असतो, हे समजले की या क्रमामागचे कारणही समजते. पुढची चाके दहा सेंटिमीटरच्या उंचवट्यावर चढली, तरी पुढच्या आणि मागच्या चाकांच्या साधारण मधोमध लटकणारे ब्लेड त्याच्या निम्मेच उचलले जाते. मागे टँडमच्या दोन चाकांपैकी एकच चाक एका वेळी उंचवट्यावर चढते, त्यामुळे टँडमचा मधला सांधा पाच सेंटिमीटर वर येतो आणि ब्लेडपर्यंत त्यातले जेमतेम अडीच सेंटिमीटर पोहोचतात. उंचसखल जमिनीवरून जाताना सपाट पृष्ठभाग कापण्याची किमया या रचनेत आहे. पण ब्लेड आणि फ्रेम यांच्यामधल्या प्रत्येक सांध्यात दोन-तीन मिलिमीटरची ढिलाई असेल, तर ती सगळी ब्लेडच्या टोकाशी एकत्र येते, ब्लेड थरथरते आणि रस्त्यावर लाटा उठतात. इंजिन कितीही जोमाने चालत असले तरी अशा यंत्राकडून नेमके काम होत नाही.

पाहायला जाण्यापूर्वी

यंत्र कोणत्या पिढीतले आहे, हे आधी ठरवावे. कॅटरपिलरचा नंबर १२ हा ग्रेडर १९३८ मध्ये आला आणि त्या घराण्यातल्या जुन्या यंत्रांचे ब्लेड गिअर, शाफ्ट आणि लिव्हर यांच्या साहाय्याने यांत्रिक पद्धतीने हलते. काही जुन्या यंत्रांत, उदाहरणार्थ गॅलियनच्या अनेक मॉडेलांत, हेच काम हायड्रॉलिक सिलिंडर करतात. मधोमध सांधा असलेली, म्हणजे कमरेत वळणारी फ्रेम जॉन डिअरने १९६७ मध्ये जेडी ५७० या मॉडेलात आणली. या तिन्ही प्रकारांचे दुखणे वेगवेगळ्या ठिकाणी असते. विक्रेत्याकडून सीरियल नंबर आधीच मागवावा आणि त्यावरून पार्ट्स बुक, म्हणजे सुट्या भागांची पुस्तिका, मिळते का, सुटे भाग कोणाकडे मिळतात, याचा शोध जाण्यापूर्वीच घ्यावा. पार्ट्स बुकच मिळत नसेल, तर मी तरी पुढे जाणार नाही.

सोबत एक मजबूत पहार, टॉर्च, तारेचा ब्रश, खडू, मोजपट्टी, चिंध्या आणि दोन-तीन पारदर्शक बाटल्या घ्याव्यात. मदतीला एक माणूस असावा. इंजिन आधी गरम करून ठेवू नये, असे विक्रेत्याला स्पष्ट सांगावे आणि पोहोचल्यावर इंजिनाच्या ब्लॉकला हात लावून ते खरोखर गार असल्याची खात्री करावी. उचललेल्या ब्लेडखाली भक्कम लाकडी ठोकळे दिल्याशिवाय कोणीही आत वाकू नये.

ब्लेड, सर्कल आणि ड्रॉबार

पहिली फेरी पहारीची. ब्लेड जमिनीपासून थोडे वर, ठोकळ्यांच्या जरासे वरच लटकते ठेवावे आणि त्याच्या एका टोकाखाली पहार घालून ते वर-खाली हलवावे. मदतनिसाने त्या वेळी एकेका सांध्यावर बोटे ठेवावीत: आधी ड्रॉबारचा पुढचा गोळा आणि त्याची वाटी, मग ब्लेड उचलणाऱ्या दोन्ही आर्मची वरची-खालची टोके, मग सर्कलला धरून ठेवणारे शू. कुठला सांधा सैल आहे, हे डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळते. सैल वाटीत गोळा हलला की बारीक ठक्‌ असा धक्का बसतो आणि वाळलेल्या ग्रीसची रेघ फुटते. गोळ्याच्या वाटीत बहुधा पातळ पत्र्याच्या शिम असतात आणि त्या काढून ढिलाई कमी करता येते. शिम शिल्लक असतील तर हे किरकोळ काम आहे. सगळ्या शिम आधीच काढून झाल्या असतील आणि तरीही गोळा हलत असेल, तर गोळा अंडाकृती झिजला आहे असे समजावे.

त्यानंतर सर्कल पूर्ण फिरवून पाहावे, निदान जितके फिरेल तितके तरी. ग्रेडरचे बरेचसे काम ब्लेड ठरावीक कोनातच ठेवून होते, त्यामुळे सर्कलचे तेवढेच दात झिजतात. झिजलेल्या आणि न झिजलेल्या दातांची जाडी एकमेकांशेजारी मोजली की यंत्राने किती काम केले आहे, याचा तास मोजणाऱ्या मीटरपेक्षा खरा हिशोब मिळतो. दात टोकदार झाले असतील किंवा एखादा तुटून वेल्डिंगने भरलेला असेल, तर ही मोठी खोट आहे.

ब्लेडच्या वक्र पत्र्याखाली बोल्टने बसवलेली कटिंग एज झिजण्यासाठीच असते आणि ती बदलणे हे नेहमीचे काम आहे. ती वेळेवर न बदलता कोणी यंत्र चालवले असेल, तर मूळ पत्राच घासला जाऊन बोल्टची भोके खालून उघडी पडलेली दिसतात. त्याच्या दोन्ही टोकांना लांब दोरी ताणून धरावी. मध्ये फट दिसली तर ब्लेड वाकले आहे.

टँडम

या भागावर सर्वांत जास्त वेळ द्यावा. प्रत्येक बाजूच्या टँडमच्या पेटीत इंजिनाची ताकद दोन चाकांपर्यंत नेणाऱ्या जड साखळ्या तेलात फिरत असतात, आणि बाहेरून त्यांचे काहीच दिसत नाही. मी पाहिलेल्या एका ग्रेडरच्या टँडमला नुकताच रंग दिलेला होता आणि भरणीचे बूचही नवे होते. खालचे बूच जरासे सैल केले तेव्हा आधी पेलाभर निव्वळ पाणी आले, मग दुधाळ तेल, आणि शेवटी बोटांत चुरचुरणारा लोखंडाचा कीस. यंत्र रात्रभर उभे असेल तर पाणी तळाशी बसलेले असते, म्हणून ही तपासणी ते हलवण्यापूर्वीच करावी आणि दोन्ही बाजूंचे तेल वेगवेगळ्या बाटल्यांत घ्यावे. थोडे काळपट तेल चालते. कीस किंवा साखळीच्या कडीचे तुकडे सापडले, तर पेटी उघडण्याचा खर्च धरूनच पुढचे बोलणे करावे.

मग एका बाजूची चाके जमिनीपासून सुटतील इतकी जॅकवर उचलून भक्कम आधार द्यावा आणि चाक हाताने पुढे-मागे हलवावे. साखळी ताणली जाईपर्यंत चाक किती मोकळे फिरते, ते खडूने टायरवर खूण करून मोजावे आणि चारही चाकांची तुलना करावी. चारही चाके सारखीच मोकळी असतील तर ती वयाची झीज. एकच चाक फार वेगळे निघाले, तर त्याच्या साखळीत किंवा बेअरिंगमध्ये बिघाड आहे.

पुढचा ॲक्सल आणि फ्रेम

पुढची चाके दोन्ही बाजूंना पूर्ण झुकवून पाहावीत, कारण चाके झुकवणारी यंत्रणा ब्लेडच्या बाजूच्या रेट्याला तोंड देते आणि तिचे बुश फार झिजतात. पुढची चाके ज्यांवर वळतात ते किंगपिन पहारीने तपासावेत. फ्रेमवर, विशेषतः ब्लेडच्या लिफ्टचे ब्रॅकेट जिथे जोडलेले असतात तिथे, तारेच्या ब्रशने माती खरवडून काढावी आणि टॉर्च तिरकी धरून चिरा शोधाव्यात. गंजाची बारीक तांबूस रेघ हे चिरेचे लक्षण असते. जुन्या वेल्डिंगला घाबरण्याचे कारण नाही, पण एकाच ठिकाणी तीन वेळा दिलेली ठिगळे दिसली तर तिथे ताण कायम आहे. कमरेत वळणाऱ्या यंत्रात मधल्या सांध्याच्या वरच्या आणि खालच्या पिना स्वतंत्रपणे पाहाव्यात.

इंजिन

आता गार इंजिनाकडे यावे. डिपस्टिकवरचे तेल दुधाळ असेल तर त्यात पाणी शिरले आहे. तेलाची पातळी खुणेच्या वर असेल आणि वास डिझेलचा येत असेल, तर इंधन झिरपते आहे. जुन्या कॅटरपिलरमध्ये मुख्य डिझेल इंजिन फिरवण्यासाठी दोन सिलिंडरचे लहान पेट्रोल इंजिन असते. त्याची टाकी वर असल्यामुळे कार्ब्युरेटरची सुई अडकली की पेट्रोल हळूहळू त्याच्या तेलात उतरते, म्हणून त्याचे तेल हुंगूनच ते सुरू करावे. लहान इंजिन बिघडल्यामुळे विक्रेता यंत्र ओढून सुरू करू लागला, तर हे नीट होईपर्यंत व्यवहार थांबवावा: या लहान इंजिनाने डिझेल इंजिन काही वेळ फिरवून तेलाचा दाब चढवल्यावरच त्याला इंधन देण्याची ती पद्धत असते.

सुरू झाल्यावर निळा धूर टिकून राहतो का, तेल भरण्याचे झाकण काढल्यावर वाफेचा जोरदार झोत येतो का, आणि इंजिन पूर्ण तापल्यावर तेलाचा दाब किती घसरतो, हे पाहावे. गार इंजिनाचा दाब जवळजवळ नेहमी चांगलाच दिसतो. खरी परीक्षा अर्ध्या तासानंतर होते.

चालवून पाहणे

प्रत्येक गिअरमध्ये थोडा भार देऊन पाहावे, कारण झिजलेले गिअर भार आल्यावर निसटतात. यांत्रिक नियंत्रणाच्या यंत्रात प्रत्येक लिव्हर दोन्ही दिशांना टाकून पाहावा. लिव्हर हाताला झटका देतात, हे सामान्य आहे, पण लिव्हर आपोआप सुटणे सामान्य नाही. हायड्रॉलिक यंत्रात ब्लेड उचलून इंजिन बंद करावे, टोकाची जमिनीपासूनची उंची मोजावी आणि ब्लेड आपोआप किती उतरते हे कळण्यासाठी वीस मिनिटांनी पुन्हा मोजावी. शक्य असेल तर थोडी जमीन प्रत्यक्ष कापून मागे वळून पृष्ठभाग पाहावा.

अनेक जुन्या यंत्रांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात आणि उलटल्यास चालकाला वाचवणारा सांगाडा नसतो, हे उतारावर जाण्यापूर्वी लक्षात ठेवावे. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती धूळ हवेच्या झोताने उडवू नये. टायर १३.००-२४ किंवा १४.००-२४ मापाचे असतील तर मिळण्याची शक्यता चांगली. मात्र रिमवर लॉक रिंग (टायर जागेवर धरून ठेवणारे लोखंडी कडे) असेल आणि ती गंजलेली असेल, तर स्वतः हवा भरायला जाऊ नये, कारण रिंग उडून माणूस दगावू शकतो.

निघण्यापूर्वी, यंत्र गरम असतानाच, टँडम, गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिक पंपाखाली गळती दिसावी म्हणून कोरडे पुठ्ठे पसरून अर्धा तास थांबावे, आणि तेवढ्या वेळात ट्रेलरवर नेण्यासाठी यंत्राची लांबी, रुंदी आणि सर्वांत उंच भागाची उंची मोजून लिहून घ्यावी.