बाजारपेठेचा नकाशा करण्यापूर्वीची तयारी

बेळगावातील गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडे बाजार आणि रविवार पेठ एवढ्या भागाचा दुकानवार नकाशा करायचा असेल, तर वही, टेप आणि पॉवर बँक घ्या हे कोणी सांगायला नको. सांगावे लागते ते वरच्या मजल्यांविषयी. पाहणीच्या तक्त्यात तळमजल्याशेजारीच पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याचे स्वतंत्र रकाने आधीच आखून घ्यावेत. ‘नंतर भरू’ म्हणून सोडलेला रकाना कोणीही भरत नाही; आमचा मागचा नकाशा असाच निव्वळ तळमजल्यांचा होऊन बसला.

पायाभूत नकाशा सिटी सर्व्हेचा घ्यावा आणि तो १:५०० प्रमाणात, म्हणजे एका सेंटिमीटरला पाच मीटर असा छापून घ्यावा. सरकारी नोंदी कन्नडमध्ये असतात, तेव्हा कन्नड सहज वाचणारा एकजण सोबत हवाच. मोबाइलच्या जीपीएसवर विसंबू नये. मोकळ्या आकाशाखालीही तो चार-पाच मीटर चुकतो, आणि दुकानाची रुंदी तीन मीटर असली की सराफाची खूण शेजारच्या भांड्यांच्या दुकानावर पडते. गल्लीच्या कोपऱ्यापासून टेपने मोजत जाणेच खात्रीचे.

आता पुन्हा वरचे मजले. शहराचा मध्यवर्ती व्यापारी भाग कुठवर आहे हे ठरवण्यासाठी मर्फी आणि व्हान्स या अमेरिकन भूगोलतज्ज्ञांनी १९५४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक गटाचे, म्हणजे रस्त्यांनी वेढलेल्या इमारतींच्या समूहाचे, व्यापारी क्षेत्रफळ तळमजल्याच्या क्षेत्रफळाने भागतात. भागाकार किमान १ यावा लागतो, शिवाय सर्व मजल्यांच्या एकूण क्षेत्रफळात व्यापाराचा वाटा किमान ५० टक्के असावा लागतो. खाली ४० चौरस मीटरचे कापड दुकान आणि वर तेवढ्याच दोन मजल्यांवर बिऱ्हाड असेल, तर व्यापाराचा वाटा जेमतेम ३३ टक्के भरतो. वर न पाहता नोंद केली, तर तोच १०० टक्के दिसतो. दोन दुकानांमधल्या अरुंद लाकडी जिन्याने वर गेल्यावर शिंपी, सराफी कारागीर, शिकवणीवर्ग किंवा नुसते गोदाम सापडते, आणि यांपैकी काहीही रस्त्यावरून कळत नाही. पाटी पाहून मजला लिहू नये, जिना चढावा. गोदाम आणि घाऊक व्यापार या पद्धतीत मध्यवर्ती व्यापारात धरत नाहीत, त्यामुळे रविवार पेठेचा बराच भाग हिशेबातून गळतो. माझ्या मते आपल्याकडे तो वेगळ्या छटेने दाखवावाच, कारण ती पेठ वगळून इथला बाजार समजत नाही.

दुकानदार पहिल्यांदा ‘कार्पोरेशनकडून आलात काय?’ असे विचारतात, आणि घरपट्टीच्या धास्तीने वरच्या मजल्याबद्दल तर हमखास मौन पाळतात. यासाठी संस्थेचे मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांतले पत्र हाती ठेवावे आणि भाडे किंवा उलाढाल विचारूच नये. शनिवारी आठवडी बाजाराच्या गर्दीत दुकानांची पाहणी ठेवू नये. त्या दिवशी फक्त रस्त्यावर बसणारे विक्रेते वेगळ्या कागदावर, वेळ लिहून, नोंदवावेत.

पुढचे काम सरावाचे आहे. घरे पिवळी, व्यापार निळा, सार्वजनिक इमारती लाल. क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक प्रणालीत यूटीएम या निर्देशांक पद्धतीचा ४३ उत्तर पट्टा निवडावा. फोटोंना तक्त्यातलाच क्रमांक द्यावा, प्रत दोन ठिकाणी ठेवावी. मजल्याचा रकाना रिकामा निघाला तर अंदाजाने भरू नये, परत जावे. नकाशावर पाहणीचा महिना आणि वर्ष लिहावे.