साठीत पुन्हा सायकल: आधी उतरायला शिका

सायकल एकदा आली की विसरत नाही म्हणतात, आणि ते खरं आहे. जवळजवळ पस्तीस वर्षांनी मी सीटवर बसले, तेव्हा सोसायटीच्या पार्किंगमध्ये दहा-बारा पायडल मारेपर्यंत तोल परत आला होता. मग गेटपाशी थांबायची वेळ आली. हात ब्रेककडे जायच्या आधी पाय जमीन शोधायला लागला, जमीन काही सापडेना, आणि मी सायकलसकट उजव्या अंगावर पडले. कोपर सोललं. मनगट पंधरा दिवस पोळी लाटू देत नव्हतं.

त्या पडण्यातून एक गोष्ट पक्की कळली. तोल आपण विसरलेलो नसतो. विसरलेलं असतं ते थांबणं, उतरणं आणि मागे वळून बघणं. शिवाय ही तिन्ही कामं ज्या सांध्यांची आहेत ते खुबा, गुडघा आणि मान मधल्या वर्षांत बदललेले असतात. म्हणून पुन्हा सुरुवात करताना क्रम उलटा ठेवायचा: आधी उतरायला शिकायचं, मग थांबायला, आणि चालवायला सगळ्यात शेवटी.

माझ्या पिढीच्या पुण्यात सायकल ही काही हौस नव्हती. शाळा, कॉलेज, दळण, रॉकेलची रांग, सगळं सायकलवर व्हायचं. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे ते उगाच नाही. १९७२ साली लूना आली, मग स्कूटर, मग चारचाकी, आणि सायकली जिन्याखाली गेल्या. आता निवृत्तीनंतर वेळ आहे, डॉक्टर 'हालचाल करा' म्हणतात, आणि चालून गुडघे दुखतात. सायकलवर शरीराचं बरंचसं वजन सीट उचलते, त्यामुळे गुडघ्याला चालण्याइतका दणका बसत नाही. मात्र त्याच कारणाने हाडांनाही ताकद मिळत नाही. तेव्हा थोडं चालणं आणि थोडे वजनाचे व्यायाम चालूच ठेवा.

घराबाहेर पडण्याआधी

डॉक्टरांना नुसतं 'सायकल चालवू का?' असं विचारू नका. नेमकं विचारा. चक्कर येते का, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते का, छातीत कधी दडपण येतं का, हे आपणहून सांगा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर साधं खरचटणंही जास्त वाहतं, आणि डोक्याला लागलं तर ते फार गंभीर होऊ शकतं. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या असतील तर रिकाम्या पोटी निघू नका, खिशात चार खडे साखर ठेवा. काही बीपीच्या गोळ्यांनी नाडी फारशी वाढत नाही, म्हणून मनगटावरच्या घड्याळातल्या ठोक्यांवर विसंबू नका. साधी खूण अशी, की चालवताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करा. बायकांनी पाळी बंद झाल्यानंतर हाडांची घनता तपासली नसेल तर ती आत्ता तपासून घ्या. विशीतलं पडणं आणि साठीतलं पडणं यांत मनगटाच्या आणि खुब्याच्या हाडाचा फरक असतो.

चष्म्याचं कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. दोन नंबरांचा किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर खालच्या भागातून रस्ता धूसर दिसतो, आणि खड्डा नेमका तिथेच असतो. शक्य असेल तर सायकलसाठी फक्त लांबचा नंबर असलेला वेगळा चष्मा करून घ्या.

सायकल कोणती

माझी पहिली चूक इथेच झाली. दुकानदाराने 'काकू, आता हीच चालते' म्हणत उंच दांडीची, जाड शॉकॲबची सायकल गळ्यात मारली. शॉकॲब वजन वाढवतात आणि आपण पायडलवर घातलेला जोर खातात. उंच दांडीवरून पाय टाकणं मला जमेना. सहा महिन्यांनी ती निम्म्या किमतीत गेली.

आपल्याला हवी ती खाली वाकलेल्या दांडीची, जिच्यातून पाय सहज पलीकडे जातो. दुकानात तिला लेडीज सायकल म्हणतात. पुरुषांनी त्या नावापायी ती नाकारू नये. टांग मारून चढायचे दिवस गेले, आणि टांग मारताना तोल सहज जातो. हँडल असं हवं की पाठ बऱ्यापैकी ताठ राहील. टायर पावणेदोन ते दोन इंच रुंद असावेत, कारण बारीक टायर गटाराच्या झाकणाच्या फटीत अडकतो. मागे सात गिअर असले की भरपूर झालं. चेनवर पूर्ण झाकण हवंच, नाहीतर सलवार किंवा पायजमा त्यात जातो. ओढणी घ्यायचीच असेल तर कमरेला घट्ट गाठ मारून.

जिन्याखालची जुनी सायकल बाहेर काढणार असाल तर नुसती हवा मारून निघू नका. टायरच्या बाजूंना भेगा पडल्या आहेत का बघा. ब्रेकची रबरं दगडासारखी झालेली असतात. ब्रेकच्या तारा, ट्यूब आणि ही रबरं बदला, आणि बेअरिंग उघडून नवं ग्रीस भरायला सांगा.

चढ फार असेल तर बॅटरीची सायकलही चांगली. मोटर २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर लायसन्स किंवा नोंदणी लागत नाही. पण ती जड असते, आणि पायडल मारताच पुढे ओढते. म्हणून थांबायचा सराव आधी साध्या सायकलवर करा.

सीटची उंची: दोन टप्प्यांत

पुस्तकी नियम असा: सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल सगळ्यात खाली न्या, गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्याला थोडा बाक राहतो. हीच योग्य उंची, पण ती पहिल्या दिवशी नको.

पहिले दोन आठवडे सीट इतकी खाली ठेवा की बसल्या बसल्या दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतील. चालवायला अवघड वाटेल, वाटू दे. मग दर दोन-तीन दिवसांनी सीट बोटभर वर घ्या. नंतर दुखलं तर जागा बघा. गुडघ्याच्या पुढे वाटीपाशी दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली आहे, मागे लवणीत दुखत असेल तर वर आहे.

सराव

जागा मोकळी, सपाट आणि डांबराची हवी. सकाळचं रिकामं पार्किंग किंवा शाळेचं मैदान चालेल. मातीत ब्रेक दाबला की चाक घसरतं. पायात सपाट तळाचे बूट घाला, चपला नकोत. हेल्मेट कपाळावर, भुवयांच्या वर दोन बोटं. हनुवटीखाली पट्ट्यात एक बोट जाईल इतकीच सैल जागा ठेवा.

पहिला दिवस नुसता उतरण्याचा. सायकलच्या डावीकडे उभे राहा आणि दोन्ही ब्रेक दाबून धरा. ब्रेक सोडायचे नाहीत, सगळी मेख त्यात आहे. सायकल आपल्याकडे थोडी झुकवा, उजवा पाय दांडीच्या खोलगट जागेतून पलीकडे टाका आणि दोन्ही पायांवर उभे राहा. अजून सीटवर बसायचं नाही. मग तसाच पाय परत काढून डावीकडे या. हे वीसदा करा. दहाव्या खेपेपर्यंत नजर पायांकडून वर येते, आणि ती वर आली की समजा खुब्याला जागा सापडली.

दुसरी पायरी: सीटवर बसून, पायडलला पाय न लावता, दोन्ही पायांनी जमीन ढकलत पुढे जायचं, लहान मुलं जातात तसं. पायडल नडगीला लागत असतील तर काढून टाका. पंधरा नंबरचा पाना लागतो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, त्यामुळे तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की सुटतो. पाय उचलून चार-पाच सेकंद तरंगता आलं की ब्रेक दाबा, थांबा, पाय टेका. ब्रेक आधी, पाय नंतर. हा क्रम हाताला लागेपर्यंत पुढे जाऊ नका. मी दर वेळी मोठ्याने 'ब्रेक, पाय' म्हणत असे, आणि अजूनही सिग्नलला मनात म्हणते.

ब्रेकबद्दल एवढंच: आपल्याकडच्या बहुतेक सायकलींवर उजवा हात पुढचं चाक धरतो आणि डावा मागचं. पण काही सायकलींवर उलटं असतं, तेव्हा आपल्या सायकलीचं ढकलून तपासा. पुढचा एकटा जोरात दाबला तर मागचं चाक उचलतं. दोन्ही एकदम, हळूहळू आवळत जायचं, आणि अंग थोडं मागे न्यायचं.

तिसरी पायरी पायडलची. उजवा पायडल वर आणून पुढे ठेवा, घड्याळात दोन वाजता तास-काटा असतो तिथे. डावा पाय जमिनीवर. नजर वीस पावलं पुढे. उजव्या पायाने जोर द्या, त्याच जोरात सीटवर बसा, डावा पाय आपोआप वर येईल. डगमगलात तर वेग कमी करण्याची इच्छा होते, आणि तिथेच गडबड होते. सायकल ज्या बाजूला कलते त्या बाजूला हँडल किंचित वळतं, चाकं आपल्या खाली परत येतात, आणि त्यावरच ती उभी राहते. वेग अगदी कमी असला की त्यासाठी हँडल खूप फिरवावं लागतं, म्हणून गोगलगाईसारखं चालवणंच सगळ्यात अवघड. जॉगिंग करणाऱ्या माणसाचा वेग धरा, सायकल स्वतःच सावरते.

मागे बघणं शेवटी. मान वळवली की हातही त्याच बाजूला ओढला जातो आणि सायकल रस्त्याच्या मध्ये जाते. आधी भिंतीला धरून, सीटवर बसून, उजव्या खांद्यावरून हनुवटी वळवा. मग चालत्या सायकलवर एक क्षण. मान आखडलेली असेल तर उजव्या हँडलला आरसा लावा. त्यात लाज कसली? पण वळण्याआधी एकदा प्रत्यक्ष मान वळवाच, कारण आरशात मोटरसायकल लपते.

रस्त्यावर

पहिले तीन-चार आठवडे दिवसाआड पंधरा-वीस मिनिटं, सकाळी सहा-साडेसहाला. मग दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. गिअर हलका ठेवा आणि पाय भराभर फिरवा, मिनिटाला साठ-सत्तर फेऱ्या. जड गिअरवर दात-ओठ खाऊन चढ चढणं ही विशीतली सवय आहे, आता त्याचा भार गुडघ्याची वाटी उचलते. चढ आला आणि जमेना तर उतरून सायकल ढकला. बसायची हाडं दहा-बारा दिवस दुखतात, ते थांबतं. करंगळीला मुंग्या येत राहिल्या तर तळहातावर भार पडतोय, हँडल वर घ्या.

पार्क केलेल्या गाड्यांपासून एक हात लांब चला, दार कधीही उघडतं. स्पीडब्रेकर सरळ घ्या, तिरका नको, आणि त्यावर सीटवरून थोडं उठा. पहिल्या पावसात झेब्राच्या पट्ट्या आणि लोखंडी झाकणं तेलासारखी होतात, त्यांच्यावर वळू नका, ब्रेकही नको. कुत्रा मागे लागला तर पळू नका. उतरा, सायकल मध्ये ठेवा आणि चालत निघा, बहुतेक कुत्र्यांचा पाठलागातला रस तिथेच संपतो. खिशात नाव, रक्तगट, चालू गोळ्या आणि घरच्यांचा नंबर लिहिलेला कागद असू द्या. मोबाइल लॉक असला की अनोळखी माणसाला काहीच करता येत नाही.

उशीर झाला का, असं मला अनेक जण विचारतात. फ्रान्समधले रोबेर मार्शां सदुसष्टाव्या वर्षी पुन्हा सायकलकडे वळले. जानेवारी २०१७ मध्ये, वयाच्या १०५व्या वर्षी, त्यांनी पॅरिसजवळच्या ट्रॅकवर एका तासात २२.५४७ किलोमीटर अंतर कापलं. आपल्याला तासाला आठ-दहा पुरेत.

पहिलं काम म्हणून मी कोपऱ्यावरून कोथिंबीर आणली. पिशवी हँडलला अडकवू नका, ती झोके घेते आणि पुढच्या चाकात जाते. मागे कॅरिअरवर रबरी पट्ट्याने बांधा, किंवा पुढे घट्ट बसवलेली टोपली घ्या, आणि सुरुवातीला दोन किलोच्या वर नको. भाजीवाल्यापाशी पोचलात की आधी ब्रेक, मग पाय, आणि दोन्ही पाय टेकल्यावरच कोथिंबिरीचा भाव विचारा.