मिनीला सायलेन्सर आणि कार्बोरेटर निवडताना

माझी गाडी १९८३ ची मिनी मेफेअर, ९९८ सीसी. मी बर्मिंगहॅमला नॉर्थफील्डमध्ये राहतो. ही गाडी ज्या लाँगब्रिजच्या कारखान्यात बनली, तो इथून दोनेक मैलांवर होता. इकडे आलेल्या आपल्या मंडळींपैकी तिघाचौघांनी अलीकडे जुन्या मिनी घेतल्या, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच: सायलेन्सर कोणता बसवू? सायलेन्सर एकटा निवडायची वस्तू नाही. मॅनिफोल्ड (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा जोड), सायलेन्सर, एअर फिल्टर आणि पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरची सुई हा एक संच आहे. एक बदललं की बाकीच्यांकडे बघावंच लागतं.

पैसे खर्च करण्याआधी एक रविवार इंजिनाला द्या. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. थंड इंजिनावर टॅपेटचं (व्हॉल्व्हच्या टोकाशी राहणारं) अंतर १२ थाउ, म्हणजे ०.०१२ इंच, ठेवा. ठिणगीचं टायमिंग बघा. मग इंजिनाला धरून ठेवणारी स्टेडी बार तपासा: बॉनेट उघडून इंजिन दोन्ही हातांनी पुढेमागे हलवा. ते झोपाळ्यासारखं हललं तर बारचे रबरी बुश गेलेत. हे मी का सांगतोय? मी बुश न बदलता नवा मॅनिफोल्ड बसवला होता. मिनीचं इंजिन आडवं, त्यामुळे प्रत्येक क्लचला ते पुढेमागे डोलतं आणि सगळा ताण नळ्यांवर येतो. पाच महिन्यांत जोडाजवळ चीर पडली. गिअरबॉक्सपाशी नळीला आधार देणारी पट्टीसुद्धा मी बसवली नव्हती, ‘तिची गरज नाही’ असं विकणारा म्हणाला म्हणून. गरज आहे. बसवाच.

आता मॅनिफोल्ड. या ए-सिरीज इंजिनाला सिलिंडर चार, पण एक्झॉस्टची तोंडं तीनच. मधलं तोंड दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये सामाईक. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२, त्यामुळे मधल्या तोंडातून बाहेर पडणारे दोन झोत एकमेकांपासून इंजिनाचा बरोबर एक फेरा लांब असतात. एक आणि चारचंही तसंच. म्हणून चांगल्या मॅनिफोल्डमध्ये एक आणि चारच्या नळ्या आधी एकत्र येतात, मधली नळी लांब ठेवून खाली जाऊन मिळते. याला इकडे एलसीबी म्हणतात, लाँग सेंटर ब्रँच. रस्त्यावरच्या मिनीसाठी यापलीकडे शोधू नका.

माझ्या गाडीला इनलेट (कार्बोरेटरकडून मिश्रण आत नेणारा) आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बिडाच्या ओतकामात होते. त्यामुळे एलसीबी घ्यायचा तर वेगळा अ‍ॅल्युमिनियमचा इनलेटही घ्यावा लागतो. इथे एक बारीक गोष्ट आहे, पण महत्त्वाची. काही ठिकाणी एकच नट आणि जाड वॉशर दोन्ही मॅनिफोल्डच्या फ्लँज (इंजिनाला टेकणाऱ्या कडा) एकत्र दाबून धरतात. दोन्ही फ्लँजची जाडी सारखी नसेल तर जाड बाजू घट्ट बसते आणि पातळ बाजूनं हवा शिरते. मग कार्बोरेटर कितीही ट्यून करा, आयडलिंग स्थिर राहत नाही. बसवण्याआधी दोन्ही शेजारी ठेवून व्हर्नियरनं मोजा. फरक असेल तर मशीन शॉपमधून सारखे करून घ्या.

सायलेन्सरबद्दल माझं मत सरळ आहे. ९९८ ला पावणेदोन इंची नळी पुरते. त्याहून मोठ्या नळीनं आवाज वाढतो, आणि चढावर खालच्या आरपीएमची ओढ उलट कमी झाल्यासारखी वाटते. सायलेन्सरचा एक डबा की दोन, हे तुमच्या प्रवासावर ठरवा. नळी मधल्या टनेलमधून, तुमच्या सीटशेजारून जाते. एका डब्याचा आवाज अर्धा तास छान वाटतो. हायवेवर तीन तास गेलात की डोकं धरतं. मी दोन डब्यांचा घेतला.

आता कार्बोरेटर, आणि इथेच सगळे घाई करतात. माझ्या ९९८ ला एसयू कंपनीचा दीड इंची एचएस४ होता. तो अजूनही तोच आहे. या इंजिनाला तो कमी पडत नाही. १२७५ सीसीचं इंजिन असेल तर जुन्या ऑस्टिन मेट्रो गाडीवर यायचा तो पावणेदोन इंची एचआयएफ४४ घ्या. एकच असल्यानं सांभाळायला सोपा. जुन्या मिनी कूपरसारखे सव्वा इंची एचएस२ जोडीनं लावले की दिसायला देखणे दिसतात, पण दोन्ही सारखे ठेवण्याचं काम दर काही महिन्यांनी येतं. त्याची आवड असेल तरच घ्या. वेबर ४५ हा मोठा कार्बोरेटर बसवायला स्पीडोमीटरच्या मागचा पत्रा कापावा लागतो. चाळीस वर्षं टिकलेली बॉडी त्यासाठी कापू नये, असं मला मनापासून वाटतं.

एसयूचा प्राण म्हणजे सुई. कार्बोरेटरमधला पिस्टन वर जातो तशी ती जेटमधून (पेट्रोल येण्याच्या छिद्रातून) वर सरकते आणि तिच्या निमुळतेपणावर पेट्रोलचं प्रमाण ठरतं. मॅनिफोल्ड आणि फिल्टर मोकळे केले की हवा जास्त येते. जुनीच सुई ठेवली तर इंजिन वरच्या आरपीएमला लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडून, चालतं, गरम होतं, व्हॉल्व्ह जळू शकतात. म्हणून रोलिंग रोडवर (गाडीची चाकं रोलरवर फिरवून तपासायचं यंत्र) तासभर घालवून सुई निवडून घ्या. मोठ्या सायलेन्सरपेक्षा हा खर्च जास्त कामाचा. डॅशपॉटमध्ये (कार्बोरेटरच्या पिस्टनवरच्या घुमटात) २० ग्रेडचं तेल घालायला विसरू नका.

घरी तपासायचं असेल तर इंजिन गरम करून चालू असताना कार्बोरेटरचा पिस्टन जेमतेम मिलीमीटरभर उचला. आरपीएम वाढून तसाच राहिला तर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, इंजिन बंद पडू लागलं तर लीन, किंचित वाढून परत आलं तर बरोबर. जेटचा नट एका वेळी एकच पैलू फिरवा.

उघड्या शंकूच्या फिल्टरनं एक अडचण येते. फिल्टरचा मूळ डबा थंडीत एक्झॉस्टजवळची गरम हवा घ्यायचा. शंकू घेत नाही. ओलसर थंडीत कार्बोरेटरमध्ये बर्फ धरतो. नोव्हेंबर ते मार्च मी जुना डबा परत लावतो आणि सुई डब्याच्या हिशेबानं बदलतो.

मिरजेला आमच्या विहिरीवर किर्लोस्करचं इंजिन होतं. बाबा धुराचा रंग बघून सांगायचे, काय बिनसलंय ते. मी स्पार्क प्लग बघतो. जवळच्या लिकी टेकडीच्या चढावर तिसऱ्या गिअरला पूर्ण थ्रॉटल देऊन वर पोचतो, क्लच दाबून इंजिन बंद करतो, सुरक्षित जागी थांबतो आणि प्लग काढतो. काजळी म्हणजे रिच, पांढराफटक म्हणजे लीन. ग्लुकोज बिस्किटाचा रंग दिसला की पाने परत पेटीत जातात.